बिनचहाची जागा

मल्लव्वा चालायला लागली की तिची साखर वाढायची. डॉक्टरांनी असा पेशंट आजवर पाहिला नव्हता. रोज चाला म्हणून सांगितलं, बाई रोज चालली, आणि पुढच्या तपासणीला साखर आधीपेक्षा वर. त्यांनी चष्मा काढून पुसला, रिपोर्ट पुन्हा पाहिला आणि सुनेकडे, शिवांजलीकडे, संशयानं बघितलं.

"माझ्याकडं काय बघताय डॉक्टर?" शिवांजली म्हणाली. "घरातला साखरेचा डबा मी माळ्यावर टाकलाय. ह्या रस्त्यावर खातात."

हे खरं होतं, पण त्यात मल्लव्वाचा काडीचाही दोष नव्हता. दोष होता कोल्हापूरच्या माणुसकीचा, आणि तिच्याविरुद्ध तक्रार कुठल्या कचेरीत करायची हे अजून कुणाला सापडलेलं नाही.

त्याचं असं होतं. मल्लव्वाचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला, पहिल्या मजल्यावर. तिची मैत्रीण प्रभावती खालच्या टोकाला. मधे चिंचेचा चौक. चिंच कधीच गेली, नाव तेवढं मागं राहिलंय. सत्तरी ओलांडलेल्या मल्लव्वाचे गुडघे असे, की थोडं चाललं की बसायला लागतं आणि थोडं बसलं की परत चालता येतं. एवढीच अडचण. पण अख्ख्या गल्लीत बसायला जागा म्हणाल तर लोकांच्या पायऱ्या. आणि कोल्हापुरात कुणाच्या पायरीवर नुसतं बसता येत नाही. बसलेलं माणूस पावणं ठरतं, आणि पावण्याला कोरडं उठू दिलं तर त्या घराची अब्रू जाते.

पहिला थांबा बायडाबाईची पायरी. मल्लव्वानं टेकायचा अवकाश, आतून भांड्याचा आवाज यायचाच.

"अगं बया, आक्का! बाहेर का बसलाय? आत या की."

"नको गं. दम खातो आणि निघतो."

"दम खावा की. च्याबरोबर खावा."

चहा म्हशीच्या घट्ट दुधाचा, आणि साखर अशी सढळ की कपाला मुंग्यांनी वास्तुशांत घालावी. "साखर नको" म्हटलं की बायडाबाई हिरमुसायची आणि भरपाई म्हणून बरोबर भडंगाची ताटली यायची. पुढं मोनाचं ब्युटी पार्लर. मोना नव्या जमान्याची, ती चहा विचारत नसे. ती फ्रीजमधलं कोकम सरबत काढायची. त्याच्या पुढं चौकात सयाजीचं पेंडीचं दुकान. सयाजी म्हणजे गल्लीतल्या तालमीचा अध्यक्ष, मान आणि डोकं एकाच मापाचं. त्याचा म्हशीच्या दुधावर देवासारखा विश्वास. "आक्का, दूध घ्या. गुडघ्यात ताकद येतीया," म्हणून तो पेला पुढं करायचा आणि संपेपर्यंत समोरून हलायचा नाही. हे सगळं पोटात घेऊन मल्लव्वा प्रभावतीच्या दारात पोचायची, आणि "तुझ्याकडं आता काय नको बाई" म्हटलं की प्रभावती फुगायची. साऱ्या गल्लीचं चालतं, माझंच तेवढं नको व्हय?

रिपोर्ट बघून शिवांजलीनं सासूचं चालणं बंद केलं. "गॅलरीत फेऱ्या मारा," ती म्हणाली. "गॅलरीत कोण चहा देत नाही."

गॅलरीत कोण प्रभावतीही देत नव्हतं, ही खरी गोष्ट होती. मल्लव्वा संकेश्वरकडची. आईशी, बहिणींशी, गोठ्यातल्या म्हशींशी ती कानडी बोलत वाढली. लग्न होऊन कोल्हापूरला आली आणि मराठीत पडली ती पडलीच. नवरा होता तोवर भांडण कानडीत व्हायचं. तो गेला. सून साताऱ्याकडची, नातवंडं इंग्रजी शाळेत. उरली प्रभावती. ती सदलग्याची, जैनाची लेक, हिच्यासारखीच सीमेवरून आलेली. दोघी बसल्या की कानडी अशी वाहायची की पंचगंगेनं बाजूला व्हावं. पण प्रभावतीला ऐकू कमी येई, फोनवर तर ती फक्त "आं?" म्हणे. ती पडल्यापासून वॉकर घेऊन चाले, त्यामुळं मल्लव्वाचा जिना तिला बंद. कशीबशी चौकापर्यंत यायची, बसायला काही दिसत नाही म्हणून वळून परत जायची. मल्लव्वा गॅलरीतून हे बघायची आणि तिचा जीव तुटायचा. संक्रांत गेली, शिमगा गेला, दोघींची समोरासमोर गाठ पडली नाही. मल्लव्वा स्वयंपाकघरात एकटीच कानडीत पुटपुटायला लागली तेव्हा शिवांजलीला वाटलं, सासूबाई जप वाढवताहेत.

पण मल्लव्वा हार मानणारी नव्हती. तिला पहिली युक्ती सुचली ती प्रभावतीच्याच धर्मावरून. प्रभावतीचं जेवण दिवस मावळायच्या आत उरके. मग उजाडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आणि तिला कोण आग्रह करत नसे! नेम म्हटला की कोल्हापूरकर हात जोडून मागं सरतो. मल्लव्वाला ह्या सोयीचा हेवा वाटायचा. आपल्यात असा "नको" म्हणायचा दरवाजाच ठेवला नाही, असं तिला वाटे. मग एके दिवशी ती दिवेलागणीला निघाली आणि बायडाबाईच्या पायरीवर बसताच हात वर करून म्हणाली, "दिवस बुडल्यावर मी काय घेत न्हाय."

"कधीपास्नं?"

"आजपास्नं."

बायडाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत निरखलं. "गळ्यात लिंग, कपाळाला इबूत, आणि नेम जैनाचा? घरात कळलंय का तुमच्या?"

त्यानंतर बातमीनं जी धाव घेतली ती मल्लव्वाच्या गुडघ्यांना जमण्यासारखी नव्हती. ती चौकात पोचायच्या आत सयाजीला कळलं होतं, आणि त्याच्या प्रश्नांनी बेजार होऊन ती तिथूनच माघारी फिरली. दुसऱ्या दिवशी संकेश्वरहून धाकट्या भावाचा फोन: "आक्का, तू धर्म बदललास म्हणं?" शिवांजलीनं कपाळाला हात लावला. आणि बायडाबाई? तिनं नेमाचा मान राखून भडंग कागदात बांधून दिलं होतं, उजाडल्यावर खायला.

मग स्टूल. निळं, प्लास्टिकचं, हलकं. हातात घेऊन निघायचं, दमलं की रस्त्याकडेला ठेवून बसायचं, कुणाच्या पायरीचा संबंधच नको. मल्लव्वाला आपल्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की पहिल्या वळणावर ती दमण्याआधीच बसली.

पण रस्त्यात स्टुलावर बसलेली म्हातारी बघून पुढं जाईल तर ते कोल्हापूर कसलं? पहिला मोटारसायकलवाला थांबला. "काय झालं आक्का? चक्कर आली?" "न्हाय रं, बसलोय." "घाम आलाय की वो तुमाला!" चैत्राचं ऊन होतं, घाम त्यालाही आला होता, पण ते कोण बघतो? बायडाबाई कांदा फोडून हुंगवायला आली. कुणी पाणी मारलं, कुणी वहाण नाकाशी धरली, कुणी "सरका, हवा येऊ द्या" असं ओरडत स्वतः पुढं घुसलं. रिक्षा आली. "मला काय झालं न्हाय, मी प्रभावतीकडं निघालोय!" हे मल्लव्वा ओरडून सांगत होती, आणि लोक एकमेकांकडं बघून माना हलवत होते, की बडबडायला लागली, लवकर न्या. सयाजीनं तिला स्टुलासकट रिक्षात ठेवलं. डॉक्टरांनी साखर मोजली. ती मात्र त्या दिवशी बरोबर निघाली, कारण चहा प्यायला वेळच मिळाला नव्हता.

दवाखान्यातून परत येताना मल्लव्वा रिक्षात रडली. दुखत काही नव्हतं. राग आला होता. एवढी सगळी माणसं धावली, पण मला नुसतं बसू द्या म्हणणारं एकही नव्हतं.

"रडताय कशाला आक्का?" पुढं बसलेला सयाजी म्हणाला. त्याला कुणी रडलेलं सहन होत नसे. तालमीत तशी सवय नव्हती.

"सयाजी, तुझ्या तालमीची एवढी पोरं. चौकात मला एक बसायला कट्टा बांधा की रं. कुणाच्या दारात न्हाय. मोकळ्यात. बसलं की कोण काय इचारणार न्हाय असा."

सयाजीनं छातीवर हात ठेवला. "एवढंच? आक्का, असा कट्टा बांधतो, असा बांधतो, की पलीकडच्या तालमीनं तोंडात बोट घालावं."

इथंच मल्लव्वानं सावध व्हायला हवं होतं. पलीकडच्या तालमीचं नाव निघालं की सयाजीच्या डोक्यातलं मूळ काम उडून जातं. पण ती आनंदात होती. रोज गॅलरीतून ती बांधकाम बघू लागली. पाया भरला. वीट चढली. कट्टा घोट्याएवढा झाला, पोटरीएवढा झाला. गुडघ्याएवढा झाला त्या संध्याकाळी मल्लव्वा मनातल्या मनात त्यावर जाऊन बसलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी बघते तर गवंडी वीट लावतोच आहे.

"बास की रं आता!" ती वरून ओरडली.

"अजून लई हाय आक्का," गवंडी म्हणाला. "पलीकडचा कट्टा कंबरंएवढा हाय. अध्यक्षांनी छातीएवढा सांगितलाय. पूर आला तरी बुडायचा न्हाय."

मल्लव्वा मटकन खाली बसली. घरातच बसली, म्हणून कुणी कांदा आणला नाही.

कट्टा झाला खरा देखणा. वर आणि चारी बाजूंनी काळी फरशी, चकचकीत, तोंड बघून घ्यावं अशी. उद्घाटनाला हलगी आली, फेटे आले, पलीकडच्या तालमीची मंडळी मुद्दाम बोलावून पुढच्या रांगेत उभी केली. एका चुलीवर तांबडा-पांढरा रस्सा उकळत होता, आणि लिंगायत-जैन घरांसाठी लांबच्या चुलीवर मसालेभात. मल्लव्वाही आली, स्टूल काखेत मारून. आता तिला स्टुलासकट बघायची गल्लीला सवय झाली होती. समोरच्या बाजूनं सुनेच्या हाताला धरून प्रभावती आली. मधे हलगीवाले, फेटेवाले, सारी गर्दी. दोघींनी एकमेकींना लांबूनच हात केला. प्रभावतीनं कट्ट्याकडं बघितलं, मग मल्लव्वाकडं, आणि हात हवेत उंच नेऊन विचारलं, हे काय? मल्लव्वानं कपाळावर हात मारून दाखवला.

कट्ट्यावर पहिलं बसायचा मान गणपतराव वस्तादांचा. तीन पिढ्यांना डाव शिकवलेला म्हातारा, आयुष्यात पाठीला माती लागू दिली नव्हती. काठी टेकत ते आले, फेटा सावरला, कट्ट्यापाशी उभे राहिले. वरची फरशी त्यांच्या छातीशी. त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. पायरी नव्हती. पायरी ठेवली असती तर कट्टा तेवढा उंच दिसला नसता, असं सयाजीचं म्हणणं पडलं होतं.

तालमीची चार पोरं पुढं झाली आणि त्यांनी वस्तादांच्या काखेत हात घातला.

"हात लावायचा न्हाय!" म्हातारा असा गरजला की हलगी थांबली. "उभ्या जन्मात मातीत मला कुणी उचलला न्हाय. आता फरशीवर मांडायला उचलताय व्हय?"

पोरं मागं सरली. कुणी खुर्ची आणली, खुर्चीवर चढा आणि तिथनं वर जा म्हणून. "मी काय सर्कशीत हाय?" वस्ताद म्हणाले. पलीकडच्या तालमीतला एक जण मिशीत हसत म्हणाला, "आमच्या कट्ट्यावर चला वस्ताद, जरा खाली हाय." वस्तादांनी त्यालाही सोडलं नाही. "कंबरंएवढ्यावर तरी मी उडी मारणार हाय का? तुमचाबी तसलाच." म्हातारा उन्हात उभा, काठीवर सगळा भार टाकून, आणि बसा म्हणायला कुणाला तोंड नव्हतं. सयाजीच्या मानेपर्यंत लाली चढली.

मल्लव्वा गर्दीतून पुढं आली. तिनं कट्ट्याच्या सावलीत निळं स्टूल ठेवलं, पदरानं पुसलं.

"वस्ताद, हितं बसा. माझं हाय ते. मलाबी कोण उचललेलं चालत न्हाय."

म्हाताऱ्यानं स्टुलाकडं बघितलं. मग तिच्याकडं. मग फेटा पुन्हा सावरून, एखाद्या गादीवर बसावं तसा स्टुलावर बसला आणि मागं कट्ट्याला पाठ टेकली. हलगीवाल्याला वाटलं झालं उद्घाटन, त्यानं हलगी कडाडून सोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशा रीतीनं छातीएवढ्या काळ्या कट्ट्याचं उद्घाटन प्लास्टिकच्या स्टुलावर पार पडलं.

"आक्का, चुकलं माझं," सयाजी तिच्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला. "तोडतो उद्या." त्याचा आवाज असा झाला होता की मल्लव्वाला त्याची दया आली. पलीकडचे सगळे कान देऊन ऐकत होते. ह्यांच्यादेखत तोडला तर ह्या पोराला गल्लीत वर मान करता यायची नाही.

"तोडतोस कशाला?" ती मोठ्यानं म्हणाली. "वस्ताद, पाठीला कसं वाटतंय?"

"झ्याक," वस्ताद डोळे मिटून म्हणाले.

"मग! हा कट्टा न्हाय सयाजी, ही पाठ हाय. बूड बांधायचं राहिलंय तुझं. गुडघ्याएवढं बांध, सगळ्या बाजूनं, आणि एका टोकाला जमीन सपाट सोड, प्रभावतीचा वॉकर बाजूला उभा राहील अशी. उंचीचा नाद सोड, लांबीचा धर. पलीकडच्यांचा किती लांब हाय?"

सयाजीचे डोळे लकाकले. तो पलीकडच्या मंडळींकडं वळला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "एवढी उंच पाठ असलेला बाक कोल्हापुरात दुसरा दाखवा!" असा बाक कोल्हापुरातच काय, कुठंच नव्हता.

बूड बांधून झालं, पाणी मारून झालं. मग एका दुपारी उन्हं कलल्यावर मल्लव्वा जिना उतरली. स्टूल घेतलं नाही. बायडाबाईच्या दारावरून जाताना आतून हाक आलीच, "आक्का, च्या!" आणि मल्लव्वा न थांबता म्हणाली, "पुढं बसतो गं, चौकात!" मोनाच्या काचेवर टकटक करून पुढं गेली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा चौक समोर होता.

प्रभावती आधीच येऊन बसली होती. वॉकर सपाट जागेत, पाठ काळ्या फरशीला. तिनं शेजारी हात थोपटला.

"बा, कुंद्रु."

ये, बस. एवढेच दोन शब्द, पण मल्लव्वाला ते संक्रांतीच्याही आधीपासून कुणी म्हटले नव्हते. ती बसली आणि तिला रडू फुटलं, आणि प्रभावती "आं? आं?" करत तिचा हात दाबत राहिली. मग कानडी सुरू झाली. सुनांचं झालं, गुडघ्यांचं झालं, सदलग्याच्या जत्रेत कुणाचं लुगडं जळलं होतं तिथवर जाऊन आल्या. सयाजी दुकानातून दुधाचा पेला घेऊन निघाला, तर मल्लव्वानं लांबूनच बोट दाखवलं.

"तिथंच थांब. तुझ्या दुकानात आलो तर पाज. हितं मी कुणाची पावणी न्हाय."

सयाजीनं पेल्याकडं बघितलं, आणि स्वतःच पिऊन टाकला.

तेवढ्यात एक बाई चौकात येऊन उभी राहिली. राधानगरीकडची असावी; हातात दवाखान्याची पिशवी, चेहरा उतरलेला. तिनं बाकाकडं बघितलं, आजूबाजूच्या दारांकडं बघितलं, हे कुणाचं असेल ह्याचा अंदाज घेतला आणि मग दबक्या आवाजात दोघींना विचारलं, "जरा बसू का?"

मल्लव्वाच्या तोंडून शब्द निघालेच होते. "या की पावणं, कुठल्या गावचं? च्या घेणार न्हव..." आणि ती थांबली. तिनं जीभ चावली. प्रभावतीला ऐकू आलं नव्हतं, पण मैत्रिणीचा चेहरा बघून तिला सगळं कळलं, आणि ती तोंडाला पदर लावून अशी हसायला लागली की वॉकर हलला.

"बसा," मल्लव्वा त्या बाईला म्हणाली. "हितं कुणाला इचारायचं न्हाय."

बाई बसली. पिशवी मांडीवर घेऊन तिनं पाठ टेकली आणि डोळे मिटले. दोघी जरा सरकून बसल्या, आवाज खाली आणला आणि सदलग्याच्या जत्रेचं पुढं चालू केलं.